तोंड धुऊन भाषा बदलणारा

सहादेवभाऊ भाषा बदलताना तोंड धुवायचा. पीएचपीतून पायथनमध्ये, म्हणजे कंप्युटरच्या एका भाषेतून दुसरीत, जायचं असलं की खुर्ची मागं सरकवायची, चष्मा टेबलावर ठेवायचा आणि मागच्या मोरीतल्या नळावर जाऊन गार पाण्याचे हबके तोंडावर मारायचे. बाहीला तोंड पुसत परत यायचं आणि मग नवी फाईल उघडायची. मी कामाला नवा लागलो तेव्हा मला वाटलं, याला डोळ्यांचा काहीतरी आजार असणार.

मी चेतन. नागापूर एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत पॅनल वायरिंग करायचो. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच तोंड खराब होतं. कारखान्यांच्या मशीनला लागणारे कंट्रोल पॅनल आम्ही बनवायचो. वायरी माझ्याकडे, आणि पॅनलमधल्या कंट्रोलरला अक्कल भरायचं काम सहादेवभाऊकडे. हे एवढंच असतं तर बरं होतं. पण आमचे मालक पार्थ सर पुण्यात दोन वर्षं राहून आले आणि तिथून 'हो' म्हणायची सवय घेऊन आले. दूध डेअरीवाला म्हणाला संकलनाचा प्रोग्रॅम पाहिजे, हे म्हणाले हो. हार्डवेअरच्या दुकानदाराला वेबसाईट पाहिजे, हो. शाळेला हजेरीचं मोबाईल ॲप पाहिजे, हो. हो म्हणून झालं की खुर्ची गर्रकन फिरवायची आणि सहादेवभाऊकडे बोट करायचं. माणूस एकच, पगार एकच, आणि भाषा पाच.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना वाटतं, कंप्युटरची एक भाषा आली की सगळ्या आल्या. मलाही वाटायचं. पण रोज शेजारी बसून जे बघितलं ते सांगतो. एकीत प्रत्येक ओळीच्या शेवटी टिंब-स्वल्पविराम मारायचा, विसरलात तर सगळं बंद. दुसरीत तो नसला तरी चालतं, पण ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा जराशी हलली की रुसून बसते. तिसरी काहीच बोलत नाही, मुकाट चुकीचं उत्तर देते, आणि ती सगळ्यात वाईट. सकाळी दहाला दुकानाची वेबसाईट, अकराला डेअरी, साडेअकराला कुठल्या तरी मशीनचा फोन, की पुन्हा वेबसाईट. दुपारपर्यंत सहादेवभाऊचा चेहरा आंबलेल्या पिठासारखा व्हायचा.

"आमटीची पळी खिरीत घातल्यावर कसं वाटतं?" एकदा डबा खाताना तो मला म्हणाला. "तसं माझं डोकं झालंय बघ. सगळं उष्टं. धुतल्याशिवाय दुसऱ्या भांड्यात घालवत न्हाई."

मग मला त्या नळाचा उलगडा झाला.

माणूस अकोल्याकडचा, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाचा. घरी भाताची खाचरं. संगमनेरला डिप्लोमा केला, नगरला आला आणि नागापुरात अडकला. चाळिशी उलटलेली, लग्न झालेलं, एक मुलगी. बोलायला कमी, पण जे बोलेल त्यात एखादी शिवी हमखास. शिव्या माणसांना नसायच्या, भाषांना असायच्या. "ही जावास्क्रिप्ट म्हणजे नुसती चोंबडी," असं तो सोयरिकीतल्या बाईबद्दल बोलावं तसं बोलायचा. आवडायची त्याला एकच, लॅडर. मशीनच्या कंट्रोलरची भाषा ती. ती लिहीत नाहीत, काढतात. दोन उभे दांडे आणि मध्ये पायऱ्या, शिडीच जशी. प्रत्येक पायरीवर एक गोष्ट: हे बटण दाबलं असेल आणि ते दार लागलं असेल तर मोटर फिरव. मशीन ती शिडी वरून खालपर्यंत वाचतं, पुन्हा वर येतं, पुन्हा वाचतं, दिवसभर. लॅडर उघडायच्या आधी तर सहादेवभाऊ मानही धुवायचा.

एकट्यानं पाचही भाषा ओढण्याला पार्थ सर 'फुल स्टॅक' म्हणायचे. गिऱ्हाइकांसमोर त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, "हा आमचा सहादेव. फुल स्टॅक माणूस." स्वतः अठ्ठावीस वर्षांचे, आणि चाळिशीच्या माणसाला अरे-तुरे. त्यांनी केबिनमध्ये वासाचा फवारा लावला होता, दर थोड्या वेळानं फुस्स करून गुलाबाचा वास सोडायचा. बाहेर आमच्या जिन्याचे कोपरे गुटख्यानं लाल, मोरीत शेवाळ, पंख्याला बोटभर धूळ, आणि आत गुलाब. मला त्या गुलाबाचीच जास्त मळमळ व्हायची.

एके दिवशी त्यांनी कॅमेऱ्यात बघून सहादेवभाऊला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

"सहादेव, तू सारखा नळावर का जातोस? शुगरबिगर आहे का?"

"न्हाई सर. तोंड धुतो."

"दिवसातून इतक्या वेळा? हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस, पण फोकस महत्त्वाचा आहे. उठायचं ते लंचला. ओके?"

सहादेवभाऊ बाहेर येऊन खुर्चीवर बसला आणि त्या दिवसापासून उठायचा बंद झाला. मी त्याला म्हणालो, कॅमेऱ्याच्या वायरीवर उंदीर सोडू का, वायर माझ्याच हाताखालून गेलीय. तो हसलाही नाही.

आता भाऊसाहेबांच्या प्रेसचं सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं.

आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे भाऊसाहेबांचा प्रेस शॉप आहे. पत्र्याच्या पट्ट्या दाबून त्यांचे बिजागरीसारखे तुकडे काढतात. प्रेस म्हणजे वरून एक जड लोखंडी ठोकळा येतो, खालच्या साच्यावर आपटतो आणि पत्र्याला आकार देतो. पत्र्याच्या जागी हात असेल तर हातालाही देतो. आमच्या भागात जुन्या प्रेसवाल्याशी हात मिळवला की समोरच्याच्या मुठीत किती बोटं आहेत ते आपोआप कळतं, आणि गंमत म्हणजे त्याचं कुणाला काही वाटत नाही. मला वाटतं.

म्हणून प्रेसला दोन बटणं असतात, खांद्याच्या उंचीवर, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ठोकळा खाली येणार. म्हणजे हात साच्यात राहूच शकत नाहीत. यावरही लोकांनी उपाय काढलेत. एका बटणात लाकडाची चिपटी ठोकायची आणि एका हातानं काम उरकायचं. सहादेवभाऊनं भाऊसाहेबांच्या प्रेसची शिडी अशी काढली होती की चिपटी ठोकली की मशीन चालायचंच नाही. प्रत्येक वेळी दोन्ही बटणं सोडून पुन्हा दाबावी लागायची. भाऊसाहेब त्यावर महिनाभर पार्थ सरांच्या डोक्यावर बसले होते. माल कमी निघतो, माल कमी निघतो. सहादेवभाऊ काही बधला नाही.

त्या प्रेसवर चांगुणाबाई असायच्या. काष्टीच्या. नवरा गेल्यावर इकडं खोली घेऊन राहिलेल्या, पन्नाशीच्या आसपासच्या, हाडापेरानं दणकट. आम्ही सर्व्हिसला गेलो की बाई आम्हाला पाणी द्यायच्या आणि खांद्यांची तक्रार करायच्या. "दिसभर हात वर करून ऱ्हावं लागतंय, दादा. देवाला दंडवत घालावा तसं. रात्री कूस बदलाया येत न्हाई." सहादेवभाऊ मान खाली घालून म्हणायचा, "मावशी, बटणं खाली घ्यायला सांगतो शेठला." भाऊसाहेबांनी कधी घेतली नाहीत. त्याला वेल्डिंग लागलं असतं.

मग भाऊसाहेबांना पायडल हवं झालं. साचा बदलताना ठोकळा थोडा थोडा खाली आणावा लागतो, त्यासाठी पायानं दाबायचं पायडल बसवून द्या म्हणाले. मागणी रास्त होती. पायडल मीच बसवलं. साचा बदलायची चावी फिरवली असेल तेव्हाच ते चालावं, एरवी मेलेलं राहावं, एवढं शिडीत घालायचं सहादेवभाऊकडे राहिलं होतं.

त्या सकाळी तो हार्डवेअरवाल्याच्या वेबसाईटमध्ये बुडालेला होता. पार्थ सर केबिनमधून ओरडले, "सहादेव, भाऊसाहेबांचं पायडल आत्ताच्या आत्ता! जायची गरज नाही, नेटवरून टाक, त्यांनी पॅनलची चावी उघडून ठेवलीय." सहादेवभाऊ अर्धवट उठला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि परत बसला. वेबसाईट बाजूला सारून त्यानं शिडी उघडली, खाली एक पायरी वाढवली, पाठवून दिली आणि पुन्हा वेबसाईटला लागला. तोंड न धुता. मशीनवर जाऊन बघायचं तर नावच नाही, कारण सरांना हार्डवेअरवाल्याचं पान जेवणाआधी पाहिजे होतं.

जेवण झाल्यावर मी वायरींना नंबर लावत होतो. सहादेवभाऊ टाईप करता करता एकदम थांबला. त्याची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

"चेतन," तो म्हणाला, "गाडी काढ."

"काय झालं?"

"इथं मी लिहिलं की थांब, मागं फिर, की खालचं कुणी वाचत न्हाई. तिथं वाचतंय."

मला काही कळेना. तो जिना उतरता उतरता फोन लावत होता आणि सांगत होता. वेबसाईटच्या भाषेत वरच्या ओळीत 'इथून परत फिर' लिहिलं की काम तिथंच संपतं, खालच्या ओळींची पाळीच येत नाही. तीच सवय डोक्यात घेऊन त्यानं पायरी काढली होती. वर लिहिलेलंच आहे की दोन्ही हात बटणांवर नसतील तर थांब, मग खाली पायडलच्या पायरीवर पुन्हा अट कशाला? पण शिडीला परत फिरणं माहीत नाही. ती शेवटपर्यंत वाचते आणि शेवटची पायरी सांगेल ते करते. वरची म्हणते थांब, खालची म्हणते पायडल दाबलंय, ये खाली. आणि ठोकळा येतो खाली. साचा बदलायची चावी असो नसो, हात कुठंही असोत.

"आणि पायडल तिच्या पायाशी हाय," सहादेवभाऊ म्हणाला.

भाऊसाहेब फोन उचलत नव्हते. नेटवरून दुरुस्त करावं तर पॅनलची चावी, जी उघडल्याशिवाय शिडी बदलता येत नाही, ती त्यांनी परत बंद करून खिशात टाकलेली. मी गाडी अशी हाणली की वळणावर ऊसवाल्या ट्रॅक्टरनं आमची आई-बहीण काढली. मागं सहादेवभाऊ माझा खांदा धरून पुन्हा पुन्हा फोन लावत होता.

शॉपच्या दारातून आत शिरलो. नुसत्या पायडलवर ठोकळा येतो हे चांगुणाबाईंनी शोधून काढलेलं होतं. बटणांकडे त्या बघतही नव्हत्या. एक पाय पायडलवर, दोन्ही हात साच्यात. पट्टी सरकवायची, हात काढायचा, पाय दाबायचा, धाड. पट्टी, हात, पाय, धाड. हात निघतो न निघतो तोच पाय. तोंडावर हसू. कित्येक महिन्यांत बाईंचे खांदे खाली आलेले मी पहिल्यांदा बघितले. बाजूला मालाची पाटी भरून सांडत होती, आणि भाऊसाहेब खुर्ची टाकून हे कौतुकानं बघत बसले होते.

मी ओरडणार होतो. सहादेवभाऊनं माझ्या तोंडावर हात दाबला. "दचकली तर पाय पडंल," तो कानात म्हणाला. मग तो भिंतीच्या कडेनं, चपला हातात घेऊन, बाईंच्या पाठीमागून मेन स्विचकडे गेला. धाड. मी बाईंच्या बोटांकडे बघत होतो. धाड. आणि स्विच खाली आला. मशीनचा आवाज विझत विझत बंद झाला.

"आरं, लाईट गेली का?" चांगुणाबाई म्हणाल्या.

सहादेवभाऊनं जे होतं ते सांगितलं. काही लपवलं नाही. माझी चूक झाली, शेठ, पायडल असं चालायला नको होतं, बाईंचे हात गेले असते, मी दुरुस्त करतो, चावी द्या. मला वाटलं, आता शेठ कानाखाली वाजवणार. खरं म्हणजे मला तसं हवंही होतं. कुणीतरी चिडायला पाहिजे होतं.

भाऊसाहेब उठले, भरलेल्या पाटीत हात घालून चार तुकडे वर काढले आणि म्हणाले, "चूक? आरं येड्या, म्हैनाभर हेच तर मागत हुतो मी! राहू दे असंच."

त्यांनी लगेच पार्थ सरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पार्थ सर आधी घाबरले. मग भाऊसाहेब खूश आहेत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि आवाजाला तो गुलाबाचा वास सुटला. "सहादेव, अरे क्लायंट हॅपी आहे ना? मग हात लावू नको. आपण ते फास्ट मोड म्हणून देऊ. बाकीच्या प्रेसवाल्यांनाही देता येईल."

बाकीच्या प्रेसवाल्यांनाही. मी तिथं तेलकट फरशीवर थुंकलो. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून थुंकलो.

सहादेवभाऊ कोपऱ्यातल्या माठाकडे गेला, तांब्याभर पाणी घेतलं, चष्मा काढला आणि तिथंच तोंड धुतलं. मान धुतली. बाहीला पुसत परत आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "बरं शेठ. मग चावी द्या. ठोकळा जरा हळू येतोय, अजून जोरात करून देतो."

भाऊसाहेबांनी हसत हसत चावी दिली. मी सहादेवभाऊकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं. त्यानं लॅपटॉप जोडला आणि खालची पायरी पुसून टाकली. मी पॅनलखाली वाकलो, जसं काही तपासतोय, आणि पायडलची वायर दोन ठिकाणी कापली. पॅनलमधलं नेटचं डबडंही काढलं, नाहीतर पार्थ सरांनी सकाळचीच शिडी दुसऱ्या कुणाकडून परत आत ढकलली असती. पायडल मी पिशवीत घातलं. सहादेवभाऊनं शिडीला कुलूप लावलं, त्याचा परवलीचा शब्द स्वतःजवळ ठेवला आणि चावी भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवली.

"झालं," तो म्हणाला. "आता दोन्ही हातांनीच चालंल."

त्यानंतर भाऊसाहेबांनी आमच्या घराण्याचा जो उद्धार केला तो इथं लिहिण्यासारखा नाही. फोनवर पार्थ सरांनी दोघांनाही उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, तेही 'प्लीज' लावून. माझं काही अडत नाही, पॅनलवाल्यांना वायरमन कुठंही लागतो. सहादेवभाऊला या वयात, मुलीच्या शिक्षणाच्या ऐन वेळी, कोण घेणार होतं मला माहीत नाही. त्यालाही नव्हतं. तो चपला घालत होता.

आम्ही दारापाशी पोचलो तेव्हा मागून चांगुणाबाई आल्या. मला वाटलं, बाई हात जोडतील. निदान दोन शब्द तरी बोलतील. बाईंचे डोळे लाल झाले होते.

"मेल्या, तुझा मुडदा बशिवला!" त्या सहादेवभाऊवर कडाडल्या. "जल्मात पयल्यांदा खांदं दुखायचं राहिलं हुतं माझं! माल उरकून चार वाजता मोकळी झाले असते, काष्टीची गाडी गावली असती! तुझं काय खाल्लं हुतं रं मी? कुनी सांगितलं हुतं तुला इथं मराया?"

"मावशी, हात गेले असते तुमचे," मी म्हणालो.

"गेलं असतं तर माझं गेलं असतं! तुमाला काय त्याचं? वर हात करून करून मरते ती मी, तुमी न्हाई!"

आणि बाईंनी दोन्ही हात सहादेवभाऊच्या तोंडासमोर धरले आणि त्याच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात केली. कडाकडा, एकेक. तुझं वाटोळं होईल, कड. तुला रात्री झोप लागायची न्हाई, कड. मी त्याला ओढत होतो, चल भाऊ, चल. तो हलेना. तिच्या हातांकडे टक लावून बघत उभा होता. उजव्या हाताची पाच झाली, मग डाव्या हाताची. करंगळी शेवटी मोडली, तेव्हा कुठं तो वळला आणि गाडीवर येऊन बसला.